मेश्राम सरांचं क्रियापद

मेश्राम सर मला पहिल्यांदा भेटले ते सायकलच्या दुकानात. आणीबाणी उठली त्या वर्षी मी भंडाऱ्याहून साकोली तालुक्यातल्या एका गावी, तिथल्या हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवायला गेलो. एकोडीच्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशीच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा कुठे आहे हे विचारायला मी तिथे थांबलो, तर पांढरा शर्ट घातलेला, पँटच्या पायाला क्लिप लावलेला एक उंच, हाडकुळा माणूस उकिडवा बसून मिस्त्रीची उलटतपासणी घेत होता.

"बेरिंग गेली म्हणतं तू. पण तिले बेरिंग काहून म्हणतेत?"

"बेरिंगले बेरिंग नाही म्हणाव तं काय म्हणाव, सरजी?"

"अरे, साऱ्या चाकाचा भार ते सोसते. बेअर करते. म्हणून बेरिंग!"

मिस्त्रीनं तेलकट हात फडक्याला पुसले. "पण आता ते सोसत नाही ना जी. बदलाव लागन."

त्यावर तो माणूस एवढ्या मोकळ्या आवाजात हसला की पलीकडच्या पानठेल्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं. मग त्याचं लक्ष माझ्या ट्रंकेकडे गेलं. मी कोण, कुठला, हे सांगितलं. "मी मेश्राम. इंग्रजी शिकवतो," असं म्हणून लगेच त्यांनी विचारलं, "बेअर या क्रियापदाचे किती अर्थ येतात तुम्हाला?"

मी म्हटलं, "बेअर म्हणजे अस्वल."

"अस्वल हे क्रियापद नाही," ते म्हणाले, आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन शाळेकडे चालायला लागले. मी मागून. नव्या नोकरीतला माझा पहिला प्रवेश असा, मोकळ्या हातांनी झाला.

सर मूळचे पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ते शाळकरी होते. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले आणि कशामुळे झाले, ते दर वर्षी जुलैत पहिल्या तासाला वर्गाला स्वतःच सांगत. भाषांतरासाठी 'झाडाला फळं येतात' अशा अर्थाचं एक साधं इंग्रजी वाक्य आलं होतं. त्यात बेअर होतं. सरांनी लिहिलं, 'झाडावरचे अस्वल फळे खाते.' वर्ग खदखदा हसायचा. हसू संपेपर्यंत सर खडू चाळवत थांबत.

"त्यानंतर एक वर्ष मी लोकांच्या बांधीतले धानाचे भारे वाहिले," ते म्हणत. "डोक्यावर भारा, अन् डोक्यात एकच. असं कसं? फळ देणं अन् अस्वल, एकच शब्द कसा?"

पुढे ते पास झाले, बी.ए. झाले, बाहेरून एम.ए. झाले. नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड कोश घेऊन आले. तो त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून बांधलेला असे. त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणायच्या, "यायचं पहिलं लग्न त्या पोथीसंगं लागलं. मी दुसरेपणाची." सरांना ते ऐकायला आवडायचं. मूलबाळ नव्हतं. हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आल्या की बाजारातून पिशवी भरून आणायच्या, दोघांनी अंगणात सोलत बसायचं आणि आल्यागेल्याला सोलायला बसवायचं, असा त्यांचा संसार होता.

शिकवण्याची त्यांची रीत सगळ्या शाळेच्या चेष्टेचा विषय होती. भाषा क्रियापदांवर उभी असते, आणि मोजकी दहा क्रियापदं सगळ्या अर्थांनिशी पोरांच्या हाती आली की बाकीची भाषा आपोआप मागे येते, असं त्यांचं मत. पण पहिलंच क्रियापद बेअर असल्यामुळे बाकीच्या नवांची पाळी क्वचितच यायची. रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतावर असे. जी पोरं यायची त्यांना सर बेअर शिकवत. रोवणी संपून बाकीची पोरं आली की त्यांच्यासाठी पुन्हा बेअर. पोळ्यापर्यंत फळ्यावरून तो शब्द हलत नसे.

एकदा मी माझ्या मोकळ्या तासाला त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो. ते नेहमीप्रमाणे निम्मं इंग्रजीत आणि निम्मं घरच्या बोलीत बोलत होते.

"आपला भ तिकडं गेला की ब होते. आपला भ्राता, त्यायचा ब्रदर. आपलं भरणं, आपला भार, अन् तिकडचं बेअर. संस्कृतातला एक धातू आहे, भृ. त्याची अन् बेअरची आजी एकच. एक नातू इकडं राहिला, धानाचा भारा झाला. एक साता समुद्रापार गेला, टोपी घालून आला. तुम्ही त्याले भेता काहून? तो तुमचाच होय."

मग ते सांगत की बर्थ आणि बर्डन ही त्याच घराण्यातली. बॉर्न म्हणजे मुळात 'वाहिलेला'. "मराठीत आपण म्हणतो, मी जन्मलो. जसं काही आपणच मोठं काम केलं. इंग्रजीत तसं म्हणता येत नाही. तिथं वाक्य कर्मणी. कोणीतरी तुले वाहिलं, म्हणून तू आहेस." अस्वलाचा शब्द मात्र वेगळ्या घरचा. उत्तरेकडच्या जंगलातले जुने लोक भीतीपोटी त्या जनावराचं खरं नाव घेत नसत, नुसतं 'तो तपकिरी' म्हणत, आणि त्यातून हा शब्द आला, असं जाणकार सांगतात. हे ऐकून जंगलाकाठच्या गावांतली पोरं एकमेकांकडे बघत. त्यांच्या घरीही सांजवेळी वाघाचं नाव घेत नसत.

आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगायचे. सोसणे या अर्थानं बेअर आलं की त्याच्या सोबत बहुतेक वेळा 'नाही' येतं. "इंग्रज माणूस, मी सोसतो, असं फारसं म्हणत नाही. सोसवत नाही, हेच म्हणते. आपण उलटे. आपल्याले सोसतो म्हणाचीच सवय."

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले ते ऑगस्टच्या शेवटी. फळ्यावर एकच शब्द बघून त्यांनी मागच्या बाकावरच्या एका पोराला उभं केलं आणि बेअरचा अर्थ विचारला. पोरगं म्हणालं, "कोणता बेअर, साहेब? उचलाचा, सोसाचा, का फळाचा?" साहेबांना त्यात उद्धटपणा दिसला. अभ्यासक्रम फार मागे आहे, असा शेरा मारून ते गेले. आमचे हेडमास्तर भला माणूस. त्यांनी सरांना बोलावून चहा दिला आणि जरा पुढं सरका म्हणाले. सर हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेअर होतंच, फक्त त्याच्यापुढे आता डावीकडे-उजवीकडे वळणे हा अर्थ आला होता. यालाच ते पुढे सरकणं समजले होते की काय, कोण जाणे.

निकाल कसा लागे? खरं सांगायचं तर जेमतेम. शेजारच्या शाळांसारखाच. सरांच्या हाताखालून विद्वान निघाले, असं मी म्हणणार नाही. पोरं इंग्रजीला भीत नसत, एवढाच फरक होता, आणि तो मार्कांत दिसत नसे.

पुढच्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत जयवंताबाईला अस्वलानं फाडलं.

जयवंताबाई नववीतल्या कुसुमची आई. नवरा आधीच वारला होता, दोन एकर धानाची बांधी होती आणि दीर गावातच वेगळा राहत होता. पहाटे उजाडताना ती मोहफुलं वेचायला गेली. झाडाच्या पलीकडे अस्वलही तेच वेचत होतं. बायांच्या ओरड्यानं ते पळालं, पण तोवर तिच्या तोंडाची डावी बाजू गेली होती. बैलगाडीत धानाचं तणस अंथरून तिला साकोलीला नेलं तेव्हा सर गाडीबरोबर चालत होते. तिथून भंडाऱ्याला. जीव वाचला. डोळाही वाचला. पावसाळ्याच्या तोंडाशी ती घरी आली तेव्हा पदर डोक्यावरून ओढून हनुवटीपर्यंत घेतलेला होता, आणि तो पुढे कित्येक महिने कुणी बाजूला झालेला पाहिला नाही.

कुसुमची शाळा सुटली. घर, बांधी, धाकटा भाऊ, सगळं तिच्यावर आलं. सर हेडमास्तरांशी बोलले. ठरलं असं की तिनं दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं. संध्याकाळी शाळा सुटली की सर तिच्या घरी जायचे. गणितासाठी कधीमधी मीही जायचो, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे.

ओसरीवर कुसुम पाटी-पुस्तक घेऊन बसायची. जयवंताबाई दाराच्या चौकटीला टेकून, पदराआडून ऐकायची. एकदा तिनं मधेच विचारलं, "सरजी, हे पोट्टी दिवसभर बेअर बेअर करते. ते काय होय जी?"

सर बावचळले. त्या घरात तो शब्द काढायचा की नाही, याचा विचार त्यांनी केला असावा. मग म्हणाले, "ताई, त्याचे लय अर्थ आहेत. ओझं उचलणं. पोटात लेकरू वाहणं. त्याले जन्म देणं. झाडानं फळ धरणं. दुःख सोसणं. अन् ध्यानात ठेवणं."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सारे बायाचेच कामं होत ना जी हे."

सर मोठ्यानं हसणारे, पण तेव्हा हसले नाहीत.

"अन् तो?" तिनं जंगलाच्या बाजूला हात केला. "पोट्टी म्हणे, त्याचंबी नाव हेच."

"नाव सारखं आहे. पण तो या घरचा नाही, ताई. दुसरीकडून आला अन् नाव जुळलं."

"हां. मंग ठीक आहे," ती म्हणाली, जणू तिच्या मनातला काही हिशेब मिटला.

दिवाळीच्या सुमारास दिरानं कुसुमचं लग्न ठरवायला घेतलं. मुलगा बरा होता, शेती होती; पण कुसुम गेली की जयवंताबाईची बांधी आपोआप दिराच्या हाताखाली येणार होती, हेही सगळ्यांना कळत होतं. तो बोलणं करायला आला तेव्हा शेजारच्या बाया अंगणात होत्या. त्यांनीच नंतर सांगितलं. जयवंताबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊ दे. त्याच्या आंधी नाही. हे मले बेअर नाही होत."

दीर बाहेर येऊन लोकांना सांगू लागला, अस्वलाची भीती डोक्यात गेली हो तिच्या, बोलता बोलता मधेच अस्वलाचं नाव घेते. आमच्या स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. मेश्राम सर उठून व्हरांड्यात गेले.

लग्नाचं जमेना, तेव्हा दिरानं दुसरी वाट धरली. तो शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या एका मेंबरच्या बैठकीतला होता. विधवेच्या घरी मास्तर रोज सांजचा कायले जाते, असं बोलणं गावात सुरू झालं. मेश्राम सर कोणत्या घरचे, हे कुणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, त्यामुळे त्या बोलण्याला लवकर धार चढली. कुसुमच्या घराकडे बघून लोक थांबायला लागले. शांताबाईंना नळावर बायांनी जागा देणं सोडलं. त्या हिवाळ्यात त्यांच्या अंगणात शेंगा सोलायला आम्ही दोघे-तिघेच असायचो.

एके दिवशी दुपारी शाळेत संस्थेची मीटिंग भरली. सरांना बोलावलं. आम्ही शिक्षक शेजारच्या खोलीत, उघड्या खिडकीपाशी. अध्यक्षांनी गोल गोल बोलत विचारलं, आपलं काय म्हणणं आहे?

"मी तिथं शिकवायले जातो," सर म्हणाले. "याच्यापरीस जास्त काही म्हणणं नाही."

"पण लोक बोलतात, मेश्राम सर."

तेवढ्यात दार ढकलून जयवंताबाई आत आली. मागे कुसुम. शाळेच्या शिपायानं अडवायचा प्रयत्न केला होता, तो तसाच हात पुढे करून दारात राहिला. जयवंताबाई टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं पदर मागे टाकला.

डॉक्टरांनी जमेल तसं शिवलेलं ते तोंड खोलीतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी नजर खाली घातली. दीरही मेंबरच्या मागे बसलेला होता. तो खिडकीबाहेर, म्हणजे आमच्याकडे पाहायला लागला.

"पाहा," ती म्हणाली. "पाहून घ्या चांगलं. मी त्याच्या पंजातून निंघून आली, तुमाले भेतो काय मी? सरजी माया ओसरीवर बसतेत. दार उघडं असते, मी दारातच असतो. माया पोरीले शिकवून राहिले ते. तुमच्यातल्या कोणाले शिकवाचं असन तं तुमीबी या."

"ताई, पदर घ्या," सर हळूच म्हणाले.

"कायले घेऊ? लाज यायले वाटाव," ती म्हणाली, आणि तशीच, उघड्या तोंडानं, शाळेच्या मैदानातून, बाजाराच्या रस्त्यानं घरी गेली. त्यानंतर तिनं पदर कधी ओढून घेतला नाही. पोरं सुरुवातीला भ्यायची. मग त्यांनाही सवय झाली.

मीटिंग तिथेच आटोपली. पण अशा सभा एकदा भरल्या की काहीतरी ठरवूनच उठतात. आठवड्याभरात सरांची बदली झाली. कारण म्हणून तपासणीतला जुना शेरा दाखवला होता. संस्थेची आणखी एक शाळा तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ होती, तिथे जायचं. मी त्यांना म्हटलं, लढा, वर तक्रार करा, आम्ही सह्या देतो. ते सायकलच्या कॅरिअरवर कोश बांधत होते.

"लढलो तं त्या बाईले पुन्हा सांगाव लागन, कोणापुढं तरी," ते म्हणाले. "अन् मार्चमधे परीक्षा आहे पोरीची."

बदली झाली, पण येणं थांबलं नाही. शनिवारी अर्धी शाळा आटोपून सर एस.टी. पकडायचे, दोन ठिकाणी गाडी बदलायचे, तुमसरला कधी मुक्काम पडायचा, आणि रविवारी सकाळी गावात उतरायचे. आता सोबत शांताबाईही असत. कुसुमच्या घरी ते गेले नाहीत. आमच्या शाळेच्या फाटकासमोर, भर रस्त्यात, कडुलिंबाखाली सतरंजी टाकून बसले. एका बाजूला शांताबाई, एका बाजूला जयवंताबाई, मधे कुसुम. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं म्हणूनच ती जागा निवडली होती. पहिल्या रविवारी लोकांनी पाहिलं. दुसऱ्या रविवारी दहावीची दोन पोरं वह्या घेऊन येऊन बसली. फेब्रुवारी संपता संपता सतरंजी पुरेना. फळा नव्हता, सर काडीनं मातीवर लिहायचे. गणिताचा तास मी घ्यायचो. हेडमास्तर रविवारचे उगीच तिकडून चक्कर मारायचे. एकदा मात्र त्यांनी शिपायाकरवी चहा पाठवला, सगळ्यांना.

कुसुम पास झाली. इंग्रजीत फार वर नाही, पण स्वच्छ पास. भंडाऱ्याला वसतिगृहात राहून डी.एड. झाली. बांधी जयवंताबाईनं स्वतः केली, दिराला लावू दिली नाही. कुसुमला नोकरी लागायला पुढे बरीच वर्षं गेली; ती लागली तेव्हा मी ते गाव सोडून भंडाऱ्याला परत आलो होतो. जयवंताबाईनं माझ्याकडे नव्या तांदळाची पिशवी पाठवली, सरांना पोचवा म्हणून.

मी तुमसरवरून हद्दीवरच्या बपेऱ्याकडे जाणाऱ्या एस.टी.नं सरांच्या गावी गेलो. सर निवृत्तीला आले होते. केस पिकलेले, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी कुसुमच्या नोकरीची बातमी दिली. ते आत जाऊन शांताबाईंना सांगून आले, मग पिशवी उघडून तांदूळ तळहातावर घेऊन वास घेतला. "आताच शिजव," त्यांनी आत आवाज दिला. शांताबाईंनी भात केला, वरण केलं, आणि वाढताना एकदा डोळे पुसले. सरांनी दोनदा भात मागून घेतला. त्या घराबद्दल, त्या मीटिंगबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. निघताना मी विचारलं, "सर, तेव्हा वाईट वाटलं असेल ना तुम्हाला?"

"काय?" त्यांनी उजवा कान पुढे केला.

मी पुन्हा विचारलं नाही.

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. कंडक्टर ओळखीचा होता, त्याला सांगून मला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडीनं घरघर सुरू केली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. पण सर तोवर वळले होते. नदीपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या गावातून आलेला एक म्हातारा काठीला गाठोडं अडकवून उभा होता आणि त्याच्या बोलण्यातला कुठला तरी शब्द सरांच्या ऐकणाऱ्या कानावर पडला असावा. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, मान तिरकी करून कान अगदी त्याच्या तोंडाजवळ नेला होता, आणि तो म्हातारा गाठोडं खाली ठेवून, आठवून आठवून काहीतरी सांगत होता. गाडी वळणाला लागेपर्यंत ते दोघं तसेच दिसत राहिले.